एका चुलीमागे एक मत

अबू हमूर, दोहा
२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

प्रिय नबीला,

सलाम. हे पत्र मधुराच्या हाती देते आहे. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते, कॉम्प्युटरमधली आहे, दोन वर्षांच्या करारावर आली आहे, आणि तिचं माहेर रत्नागिरीच, दर महिन्या-दोन महिन्यांनी तिची तिकडे चक्कर असते. तिला बजावून सांगितलं आहे, पत्र तुझ्याच हातात द्यायचं, रहमानभाईंच्या नाही.

फोनवर आपण बोलतोच. पण फोनवर तू माझी भाभी असतेस आणि मागून माझ्या भावाचा खोकला ऐकू येत असतो. मला आज कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसणाऱ्या नबीलाशी बोलायचं आहे.

परवा तू शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवलास. मी तो मोठा करून करून पाहिला. माझं नाव तिथल्या यादीत अजून असेल, पण मतासाठी स्वतः यावं लागतं, आणि एका बोटाच्या शाईसाठी मी विमानाचं तिकीट काढलं तर माझा लेक अश्फाक मला डॉक्टरकडे नेईल.

इथेही ह्याच महिन्यात मतदान झालं, इथल्या नागरिकांचं. तीन वर्षांपूर्वी शूरा कौन्सिलसाठी पहिल्यांदा निवडणूक झाली होती, तेव्हा माझी घरमालकीण उम्म जासिम किती नटून गेली होती, ते मी तुला सांगितलं होतं. बायकाही उभ्या होत्या. एकही निवडून आली नाही, तरी ही आठवडाभर खुशीत होती. ह्या वेळी प्रश्नच वेगळा होता: निवडणूक बंद करून सभासद पुन्हा अमीरांनी नेमावेत का? बहुतेकांनी हो म्हटलं. तिनेही.

मी चहाला गेले तेव्हा न राहवून विचारलं. आमचं बोलणं तुला माहीत आहे, अर्धं हिंदी, अर्धं अरबी, उरलेलं हातवारे.

"मागच्या वेळी माझ्या थोरल्याने एकाला मत दिलं, धाकट्याने दुसऱ्याला," ती म्हणाली. "वर्षभर धाकटा थोरल्याच्या मजलिसमध्ये कॉफी प्यायला गेला नाही. कोणी तरी कौन्सिलमध्ये बसावं म्हणून माझी मुलं वेगवेगळी बसली. नको मला. खलास."

"भांडण होतं म्हणून हातातलं मत सोडून द्यायचं?"

ती हसली. "तुला सोडायला तरी काय आहे, मुनीरा?"

वाईट हेतूने नाही म्हणाली. खजुराची ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाली. पण घरी येऊन मी हिशेब मांडला. बासष्ट वर्षांची बाई मी. इथे मला मत नाही, ते बरोबरच आहे, हा माझा देश नाही. तिथे आहे पण देता येत नाही. मग तिसरी जागा कोणती?

तर आपल्या सुरूबंदरची जमात. लहानपणापासून ऐकत आलो आहोत: एका चुलीमागे एक मत. एका माणसामागे नाही, एका पुरुषामागेही नाही. भाऊ वेगळे झाले की जमातीची दोन माणसं येऊन नव्या चुलीवर शिजलेलं जेवतात, आणि ती चूल यादीत चढते. परदेशात असलेल्यांसाठी एक साक्ष तिथल्या माणसाची आणि एक गावची, त्या चुलीवर जेवलेल्या वडीलधाऱ्या माणसाची. युसुफ गेले त्याला पाच वर्षं झाली. कागदावर मी अश्फाकच्या व्हिसावर आहे, पण तो अल रय्यानला राहतो आणि मी इथे दोन खोल्यांत माझं माझं रांधते. मग माझी चूल वेगळी नाही का?

मेमध्ये जमातीची सभा आहे. मुलींच्या शाळेतले अकरावी-बारावीचे वर्ग बंद करून त्या खोल्या मदरशाच्या वसतिगृहाला द्यायच्या, असा ठराव भाई आणणार आहेत. मदरशाला माझा विरोध नाही, आपली मुलं तिथेच शिकली. पण वर्ग बंद झाले की एकवीस मुली दहावीनंतर घरी बसतील. माझी चूल यादीत चढली, तर गावातल्या त्या अठरा घरांनाही नाही म्हणता येणार नाही, जिथले पुरुष वर्षानुवर्षं आखातात आहेत किंवा अल्लाघरी गेले आहेत आणि बायकाच घर चालवतात.

गावातलं माझ्या चुलीवर जेवलेलं माणूस एकच आहे. गुडघा दाखवायला आली होतीस तेव्हा तीन महिने. साक्ष देशील?

तुझी,
मुनीरा


सुरूबंदर
१४ डिसेंबर २०२४

मुनीरा,

तुझी मधुरा आली तेव्हा हे दारातच बसले होते. पोर हुशार आहे. म्हणाली, "मुनीराआंटींनी भाभींसाठी केसांचं तेल दिलंय." पत्र तेलाच्या पिशवीतून माझ्या कपाटात गेलं. म्हाताऱ्या वयात हे उद्योग!

अगो, देशील का म्हणून विचारतेस काय? तीन महिने तुझ्या हातचं खाऊन चार किलोने फुगून आले, डॉक्टर म्हणाला गुडघ्याला हेच वजन नडतंय. माझ्याहून मोठी साक्ष दुसरी कुठली?

मला एकदम आपली सिस्टर ॲग्नेस आठवली. वर्गाच्या मॉनिटरसाठी तिने चिठ्ठ्या टाकायला लावल्या होत्या. फळ्यावर माझ्या नावापुढे एक रेघ, तुझ्या नावापुढे एक रेघ. सगळा वर्ग हसला. मी तुला दिलं होतं आणि तू मला. सिस्टर म्हणाली, ह्या दोघींचा वेगळा पक्ष आहे.

आता घरचं सांगते. तुझे भाई सध्या फार चढलेत. मशिदीतून आले की व्हरांड्यात दरबार भरतो. परवा मी मुद्दाम म्हटलं, "मुनीराची चूल वेगळी आहे म्हणे." तर म्हणाले, "तिची जीभ वेगळी आहे. चुलीचं नंतर बघू." मी हसले. तूही हस.

शफा यंदा दहावीला आहे. आजोबांची लाडकी, पण पुढच्या शिक्षणाचं नाव काढलं की आजोबा खोकायला लागतात. तिला सायन्स घ्यायचंय. रात्रंदिवस पुस्तकात डोकं. अब्बास, आपला थोरला चुलतपुतण्या, तुमच्या दोह्याच्या कमिटीचा सेक्रेटरी झालाय ना? त्याच्याकडे अर्ज दे. गावची साक्ष मी लिहिते. काळजी नको.

नबीला

ता. क. तेल खरंच पाठवत जा.


अबू हमूर
११ जानेवारी २०२५

प्रिय नबीला,

तेलाची बाटली सोबत आहे.

काल माझ्या चुलीची पाहणी झाली! अर्ज वाचून अब्बासची पंचाईत झाली. फोनवर म्हणाला, "मुनीराआपा, बाईच्या चुलीची पाहणी कधी केली नाही आम्ही." मी म्हटलं, "बाईशिवाय कुठली चूल पाहिलीत आजवर?" म्हणाला, "बरं, येतो." मग शुक्रवारी नमाजनंतर तो आणि त्याच्याबरोबर एक वयस्क गृहस्थ, तीस वर्षं सूक वाकिफमध्ये मसाल्याच्या दुकानात काढलेले, असे दोघे आले. दोघेही कारखाना तपासायला आल्यासारखे गंभीर. अब्बासने गॅसचं बटण फिरवून पाहिलं.

"पेटतो," तो म्हणाला.

"पेटतो तर," मी म्हटलं. "तुला काय वाटलं, चित्र लावलंय भिंतीवर?"

सांदणं केली होती, मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "माझ्या आईच्या हातची चव." अब्बासने पाच सांदणं खाल्ली. मग हात पुसत म्हणाला, "आपा, चूल आहे, ते कबूल. पण दीनच्या, धर्माच्या दृष्टीने बाईने मत देणं..."

मी वाटच पाहत होते. म्हटलं, "रसूलुल्लाहनी मक्केच्या बायकांकडून बैअत, निष्ठेची शपथ, घेतली होती ना? त्यांच्या नवऱ्यांना विचारून नाही, त्यांच्याकडूनच. सूरह मुम्तहिना काढ आणि वाच. सल्लामसलतीने कारभार करा असंही कुराणातच आहे, आणि तिथे सल्ला फक्त दाढीवाल्यांचा घ्या असं लिहिलेलं नाही."

म्हातारे गृहस्थ हसले. "अब्बास, यल्ला, सही कर. एवढं खाऊन वर वाद घालतोस?"

दोह्याची साक्ष झाली, नबीला! दोघांनी सही केली. आता गावची. तुझा कागद अब्बासकडे आला की काम संपलं.

अश्फाक मात्र नाराज आहे. "अम्मी, लोक मला विचारतात, तू आईला सांभाळत नाहीस का?" मी म्हटलं, तू मला फार छान सांभाळतोस, म्हणूनच मी स्वतः रांधू शकते. त्याला ते पटलं नाही. त्याच्या बायकोला पटलं. माझ्याकडे बघून डबा भरायला लागली.

शफाला माझे आशीर्वाद. तिच्यासाठी पेनं पाठवते आहे.

मुनीरा


सुरूबंदर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मुनीरा,

तेल मिळालं. पेनंही. शफाची परीक्षा उद्यापासून सुरू. घरात सगळे मांजराच्या पावलाने वावरतोय.

रमजान आला तोंडावर. ह्या वर्षी थंडी लवकर गेली. आंब्याला मोहर बरा आहे, पण मागच्या बागेत तुडतुड्यांनी नुकसान केलंय. गुडघा तसाच. रत्नागिरीच्या डॉक्टरला दाखवायला गेले होते. तिथून जवळच मुलींचं एक वसतिगृह आहे. सहज आत जाऊन आले. स्वच्छ आहे, बाई कडक आहे, दारावर म्हातारा वॉचमन. जेवण मात्र पाणचट.

तुझ्या कामाचा कागद लिहून ह्यांच्याकडे दिला आहे. जमातीच्या पत्रव्यवहारातूनच गेला पाहिजे, असं ते म्हणाले.

तुझी ती घरमालकीण काय म्हणाली होती, त्याचा विचार मी पुष्कळदा करते. घरात दोन बाजू झाल्या की बाईला दोन्हीकडे वाढावं लागतं. ती अगदी चूक नसेल.

जास्त लिहीत नाही. इफ्तारसाठी सामान भरायचं आहे.

नबीला


अबू हमूर
४ एप्रिल २०२५

माझ्या लाडक्या नबीला,

ईद मुबारक. तुझं गेल्या वेळचं पत्र एवढं छोटं होतं, की मी ते दोनदा वाचून काढलं. मग लक्षात आलं, परीक्षा, रमजान, गुडघा, आणि वर भाई कायम व्हरांड्यात. त्यात तू माझ्यासाठी कागद लिहून सरळ त्यांच्याच हातात दिलास! मला वाटलं होतं लपूनछपून पाठवशील. नाही, तू समोरून दिलास. तुझी हिंमत माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि ती मला फार पूर्वी कळायला हवी होती.

वसतिगृहाचंही कळलं बरं. गावातले वर्ग वाचले नाहीतच तर शफाची सोय हवी, म्हणून पाहून आलीस ना? आजी असावी तर अशी. पण वाचतील ते, इन्शाल्ला. तिला घर सोडावं लागणार नाही.

माझ्या अर्जाची बातमी कशी पसरली देव जाणे. इथल्या मुली फोन करतात. गावातल्या अठरा घरांपैकी चौदा बायकांनी आपापले अर्ज तयार ठेवलेत, फक्त माझं नाव चढायची वाट बघतायत. खालच्या मोहल्ल्यातली हलीमा मला म्हणाली, "आपा, पंधरा वर्षं मी घराचं छप्पर शाकारते, पण सभेत माझ्या नवऱ्याच्या नावाने माझा दीर हात वर करतो. आमचं छप्पर गळतं का, एवढं त्याला विचारा."

उम्म जासिमला सांगितलं. तिने विचारलं, "आणि तुझा भाऊ?" मी म्हटलं, भावाच्याच घरातून मला साक्ष मिळाली आहे. ती म्हणाली, "माशाल्ला. मग तू नशीबवान आहेस."

ईदला सूक वाकिफमध्ये जाऊन तुझ्यासाठी गडद हिरव्या रंगाचं कापड घेतलं. सभा ९ मेला आहे, तुमच्याकडे जुम्म्यानंतर. आम्ही इथे हॉलमध्ये जमणार आणि पडद्यावर तुम्ही दिसणार. बायका मागच्या बाजूला बसतात, पण मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. भाषण लिहून काढलंय. सुरुवात तुझ्या नावाने आहे.

तुझीच,
मुनीरा


अबू हमूर
११ मे २०२५

नबीला,

मधुरा ह्या आठवड्यात येत नाही, म्हणून पत्र टपालाने टाकते आहे. कोणाच्याही हातात पडलं तरी चालेल.

मी माझं भाषण केलं. पहिलंच वाक्य होतं: "माझ्या चुलीची साक्ष माझी भाभी नबीला रहमान यांनी दिली आहे, त्यांची मी ऋणी आहे." पडद्यावर भाई दिसत होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. एकदाही अडवलं नाही. मी बसल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "आता ती साक्ष वाचून दाखवतो."

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण मला ते पाठ झालंय. "मुनीरा युसुफ ही तिचा मुलगा अश्फाक याच्या घरची आहे. तिची चूल वेगळी नाही. मी दोह्याला तीन महिने राहून आले आहे, मला माहीत आहे."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अब्बास खाली बघत होता. ते मसाल्यावाले म्हातारे गृहस्थ उठले, म्हणाले, "मी जेवलोय तिथे." भाईंनी पडद्यावरून सांगितलं, "चाचा, तुम्ही पाहुणे म्हणून जेवलात. ती घरची बाई आहे, तिला जास्त माहीत." झालं. माझा अर्ज फेटाळला. तिकडे गावात हलीमाने आणि इतरांनी आपले कागद पर्समधून काढलेच नाहीत, असं नंतर फोनवर कळलं.

ठराव बेचाळीस विरुद्ध सव्वीस मतांनी पास झाला. आम्हा एकोणीस चुलींना मत असतं, तर सगळ्या माझ्या बाजूने आल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण त्यांना विचारलं तरी गेलं असतं.

तुझ्यावर जबरदस्ती झाली का? तुझी सही कोणी दुसऱ्याने केली का? अक्षर तुझं होतं. कागद कॅमेऱ्यासमोर धरला होता, सिस्टरने शिकवलेलं तुझं वळण मी ओळखते. तरीही मी विचारते आहे. नाही म्हणायची संधी देते आहे, नबीला. घे.

मुनीरा


सुरूबंदर
२५ मे २०२५

मुनीरा,

सही माझी आहे. अक्षर माझं आहे. जबरदस्ती कोणी केली नाही.

जानेवारीत मी साक्ष लिहिली होती, खरीखुरी. दोन पानं होती. काय काय खाल्लं तेसुद्धा लिहिलं होतं. ती घेऊन मी ह्यांच्यासमोर गेले. म्हटलं, ही मुनीराची साक्ष, आणि शफाला सायन्सला पाठवायचंय, गावात किंवा रत्नागिरीत. त्यांनी पानं वाचली. रागावले नाहीत. रागावले असते तर मी तशीच उभी राहिले असते. शांतपणे म्हणाले, "दोन्ही हवंय तुला? एक घे."

मी म्हटलं, म्हणजे?

"शफाला रत्नागिरीला पाठवतो. वसतिगृहात ठेवतो, बारावीपर्यंत, पुढे डॉक्टरकीला लागली तर तेही. माझ्या नातीसाठी मी जमातीशी भांडेन. पण माझ्या घरातली बाई माझ्याच विरुद्ध कागद देणार असेल, तर उद्या कोण माझं ऐकेल? मग मी काहीच करू शकत नाही. तू ठरव."

मी दोन दिवस ठरवलं. शफा आत गणितं सोडवत होती. तुला मत मिळालं तरी ठराव पडेल ह्याची काय खात्री होती? मतं फिरतात, बायकाही नवऱ्याचं ऐकून देतात. आणि ठराव पडला तरी हे तिला घरी बसवू शकले असते. माझ्या हातात तेव्हा एकच पक्की गोष्ट होती, आणि ती माझी नात होती. मी ती घेतली.

तिला दहावीला एक्याण्णव टक्के मिळाले. सायन्सचा फॉर्म भरला, वसतिगृहात जागाही मिळाली. ह्यांनी शब्द पाळला. ते ही बातमी गावभर सांगत फिरतायत.

तुला मी आधी सांगायला हवं होतं. दर पत्राच्या वेळी लिहायला बसायचे. मग तुझं ईदचं पत्र आलं, माझ्या हिंमतीबद्दल लिहिलेलं. त्यानंतर मला लिहिताच येईना. वाटलं, कागद आतल्या आत फाईलमध्ये पडून राहील, तुझा अर्ज गुपचूप मागे पडेल. हे तो कागद सगळ्यांसमोर वाचतील असं मला वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं.

तू तिथे एकटी राहतेस. उम्म जासिमकडे चहाला जातेस, पुस्तकं वाचतेस, मनात येईल ते बोलतेस. मला रोज ह्याच माणसासमोर ताट ठेवायचं असतं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? हे मी तुला टोमणा म्हणून विचारत नाही.

माफ कर, असं लिहिणार होते. पण तो शब्द लिहून मी तीनदा खोडला. तुला जे वाटेल ते तू मला लिही.

नबीला


अबू हमूर
१३ जून २०२५, शुक्रवार

नबीला,

शफाचं अभिनंदन. मनापासून. तिचा फोटो अश्फाकच्या फोनवर पाहिला, आजोबांच्या शेजारी पेढा धरून उभी आहे. डोळे तुझ्यासारखे, सोळाव्या वर्षीच्या तुझ्यासारखे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन आठवडे शोधते आहे. तुझ्या जागी मी असते तर? कदाचित तेच केलं असतं. मला नातू आहेत, नात नाही, त्यामुळे मोठ्या बाता मारणं सोपं आहे. तू एक मुलगी वाचवलीस आणि ते लहान काम नाही. त्याबद्दल मी तुला दोष देऊ शकत नाही. प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

पण फेब्रुवारी ते मे, नबीला. मी तुला लाडकी म्हणून पत्र लिहिलं. हिरवं कापड घेतलं. उम्म जासिमसमोर तुझं नाव घेऊन मिरवले. चौदा बायकांना सांगितलं, काळजी करू नका, साक्ष पक्की आहे. चांगला ड्रेस घालून, इस्त्रीची ओढणी घेऊन त्या हॉलमध्ये उभी राहिले आणि तुझे आभार मानले. तू गावात बाजूच्या खोलीत बसून ऐकत होतीस ना? एक ओळ लिहिली असतीस, "मुनीरा, माझ्यावर अवलंबून राहू नकोस," तर मी दुसरा मार्ग शोधला असता, किंवा हरले असते पण तोंडावर पडले नसते. तुला माझी भीती वाटली नाही. मला कळेल ह्याची वाटली. ह्या दोन्हीत फरक आहे आणि तो मला सोसत नाही.

भाईंबद्दल काही लिहीत नाही. ते जे आहेत ते मला बासष्ट वर्षं माहीत आहे. विरोधकाने हरवलं तर माणूस जेवून झोपतो.

आता पुढचं ऐक. तुझ्या कागदाची एक नक्कल अश्फाककडेही आली. तो मागच्या शुक्रवारी बायकोला घेऊन आला, जेवला, आणि ताट उचलता उचलता म्हणाला, "अम्मी, सगळ्या गावाला वाटतं तू माझ्याकडे राहतेस. मामांनीही तसं सांगितलंय. मग ह्या खोल्यांचं अ‍ॅग्रीमेंट पुन्हा कशाला करायचं? अल रय्यानला खोली रिकामी आहे. मुलांनाही दादी मिळेल."

"आणि मी रांधणार कुठे?"

"तुला रांधायची गरजच काय?"

चांगला मुलगा आहे. प्रेमाने बोलतो. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून. मी त्याला उत्तर दिलेलं नाही. उम्म जासिमला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तुझ्या साक्षीचं काय झालं?" मी सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ, मी म्हणत होते ना. ती तसं काही म्हणाली नाही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मी हो म्हणून आले, ते माझ्या हाताने लिहून आले. तुझं तुला कोणी विचारलंच नाही. मला वाटत होतं हे सारखंच आहे." खोल्या तुझ्याच राहतील, असंही म्हणाली, पण अश्फाकला नाही म्हणायचं काम माझं आहे. ते मी करीन. आजच करीन, हे पत्र टाकून आल्यावर.

तू लिहिलंस, जे वाटेल ते लिही. तर एकच गोष्ट मागते.

जूनपासून गावातल्या त्या एकवीस मुली घरी आहेत. हलीमाची मुलगी त्यांतली एक, बारावीला जाणार होती. शफा त्यांच्या शेजारून बॅग घेऊन स्टँडवर जाईल. तिला वाटेल, आजोबा चांगले, आजी चांगली, नशीब चांगलं. तिला सांग, नबीला. तिची जागा कशाच्या बदल्यात आली, ते तू तुझ्या तोंडाने सांग. माझ्या तोंडून ती तक्रार होईल, आणि भाईंच्या तोंडून ती मेहेरबानी होईल. मी खूप विचार केला. सोळा वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकावं का? तिचा ह्यात काय दोष? काहीच नाही. पण तिला डॉक्टर व्हायचं आहे. आणि हे तिच्यापासून लपवून ठेवलं, तर तिच्याही बाबतीत आपणच ठरवल्यासारखं होईल. पुन्हा एकदा, तिला न विचारता.

तिने ऐकून घेतल्यावर काय करायचं ते ती ठरवील. गेली तर जाऊ दे, तिला अजिबात अडवू नकोस, आणि मी अडवलं असंही तिला वाटू देऊ नकोस. तिने मला दोन ओळी लिहाव्यात, कळलं म्हणून. एवढंच.

तिचं पत्र येईपर्यंत तुझं कुठलंही पाकीट मी फोडणार नाही.

मुनीरा